आकडा, फास आणि खुणांची भाषा : क्रोशाच्या लेखी नमुन्यांचा इतिहास

निर्गमाच्या पुस्तकातील सव्विसावा अध्याय वाचताना बहुतेकांची दृष्टी भरभर पुढे सरकते. निवासमंडपासाठी दहा पडदे करायचे. प्रत्येकाची लांबी अठ्ठावीस हात, रुंदी चार हात. पाच पडदे एकमेकांना जोडायचे, उरलेले पाच एकमेकांना जोडायचे. दोन्ही जोडांच्या किनारींवर निळ्या सुताची पन्नास पन्नास बिरडी लावायची, ती समोरासमोर आली पाहिजेत आणि सोन्याच्या पन्नास आकड्यांनी ती गुंतवायची. कथा नाही, उपदेश नाही, केवळ मापे आणि कृती. परंतु ज्या स्त्रीने आयुष्यात एकदा तरी सुई-दोरा हाती घेतला आहे, ती या अध्यायापाशी थांबते. तिला ठाऊक असते की असे वाक्य वाचणे ही एक विद्या आहे. ‘समोरासमोर’ या एका शब्दात चूक झाली तर पन्नास बिरडी व्यर्थ जातात.

त्याच ग्रंथात, याआधीच्या अध्यायाच्या शेवटी, आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. मोशेला केवळ शब्द मिळाले नाहीत. पर्वतावर त्याला नमुना दाखविण्यात आला आणि त्या नमुन्याप्रमाणे सर्व काही करण्याची आज्ञा झाली. हस्तकलेची शिकवण शब्दांनी द्यावी की नमुन्याने, हा प्रश्न इतका प्राचीन आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एका अगदी घरगुती क्षेत्रात मागोवा घ्यावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे क्रोशाचे विणकाम. आपल्या धर्मग्रामांतील अनेक वेद्यांच्या वस्त्रांना ज्या किनारी शोभतात, त्या याच कलेच्या. त्या किनारींच्या मागे एक लेखी भाषा उभी आहे. तिला जेमतेम दोनशे वर्षांचा इतिहास आहे. ती भाषा कशी घडली, कोठे अडखळली आणि ती वाचता न येणाऱ्या हातांनी तिला कसे वाचविले, ही कथा ख्रिस्ती कुटुंबांना परकी वाटू नये.

दंतकथा आणि पुरावा

‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ लहान आकडा. एकच आकडा, एकच दोरा आणि एका फासातून दुसरा फास ओढून काढण्याची एकच मूळ क्रिया, एवढ्यावर ही सारी कला उभी आहे.

सोळाव्या शतकात युरोपातील मठांतून धर्मभगिनी ही कला करीत असत आणि म्हणून तिला ‘भगिनींचे काम’ म्हणत, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. आपणा कॅथलिकांना ही कथा सुखावणारी आहे. परंतु डेन्मार्कच्या संशोधिका लिस पालुदान यांनी युरोपातील संग्रह तपासून असा निष्कर्ष काढला, की १८०० पूर्वी आजच्या अर्थाने क्रोशाचे काम युरोपात होत होते याचा खात्रीलायक पुरावा मिळत नाही. मठांतून जे काम होत असे ते सुईची लेस, गोट्यांवरची लेस आणि भरतकाम होते. आपल्या श्रद्धेला दंतकथेचे टेकू लावण्याची आवश्यकता नाही. धर्मभगिनींनी या कलेसाठी जे प्रत्यक्ष केले ते पुढे येणारच आहे आणि ते दंतकथेहून मोठे आहे.

अधिक संभवनीय मत असे की, अठराव्या शतकात पूर्वेकडून, त्यात हिंदुस्थानातूनही, ताणलेल्या कापडावर आकड्याने साखळी-टाका घालण्याची कला युरोपात गेली. आपल्याकडचे आरीकाम ते हेच. पुढे केव्हातरी कोणीतरी खालचे कापड काढून टाकले आणि साखळी हवेतच विणू लागले. स्कॉटलंडमधील एलिझाबेथ ग्रँट या बाईंच्या आठवणींत १८१२ सालच्या संदर्भात ‘मेंढपाळी विणकाम’ असा उल्लेख येतो. तेही आकड्यानेच केलेले साधे, दाट विणकाम होते. म्हणजे एका बाजूला गरिबाची लोकर आणि दुसऱ्या बाजूला श्रीमंताचे रेशीम, अशा दोन वाटांनी ही कला एकत्र आली.

पहिली लेखी कृती

क्रोशाची आज ज्ञात असलेली पहिली छापील कृती १८२३ साली हॉलंडमधील ‘पेनेलोपे’ नावाच्या स्त्रियांच्या मासिकात आली. तिच्यासोबत एक रंगीत चित्रपत्र होते. त्यावर पाच प्रकारच्या थैल्या काढलेल्या होत्या. त्यांपैकी तीन रेशमी दोऱ्याने क्रोशाच्या कामात करायच्या होत्या. पहिली थैली साखळ्यांच्या कमानींची उघडी जाळी होती, दुसरी अर्धी उघडी आणि तिसरी पूर्ण भरीव. जाळीपासून भरीव कामापर्यंतचा हा क्रम आजही शिकविणाऱ्या बाई पाळतात.

१८४० नंतर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये अशा पुस्तकांचा पूर आला. एडिंबरोच्या जेन गोगेन यांचे पुस्तक १८४० चे. लंडनच्या मिस लँबर्ट यांचे हस्तकलेवरील पुस्तक १८४२ चे. १८४६ पासून एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या विदुषीची पुस्तके येऊ लागली. तिने पुढे इतकी पुस्तके लिहिली की तिचे नाव या कलेशी कायमचे जोडले गेले.

या लेखिकांसमोरील अडचण आपण समजून घेतली पाहिजे. हाताची एक चपळ क्रिया, जी पाहून क्षणात कळते, ती शब्दांत सांगायला पाच ओळी लागतात. एका किनारीत अशा शेकडो क्रिया असतात. पाच ओळींना शेकड्याने गुणले तर एका रुमालाचा ग्रंथ होईल. म्हणून या स्त्रियांनी संक्षेप शोधले. प्रत्येक टाक्याला नाव दिले, नावाला अक्षर दिले, पुनरावृत्तीला तारका दिली. संगीताला जशी स्वरलिपी, तशी ही टाक्यांची लिपी. मात्र संगीताच्या लिपीमागे शतकांची परंपरा आणि विद्यापीठे होती. ही लिपी काही थोड्या स्त्रियांनी, आपापल्या खोलीत बसून, दहा-पंधरा वर्षांत घडविली. प्रत्येकीची नावे वेगळी, खुणा वेगळ्या. एकीचा ‘सिंगल’ दुसरीच्या पुस्तकात भलत्याच अर्थाने येई. आज जुनी पुस्तिका उघडल्यावर जो गोंधळ उडतो, त्याचे बीज येथे आहे.

दुष्काळ आणि आकडा

या लिपीच्या जन्माच्याच काळात आयर्लंडवर घोर संकट कोसळले. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि पुढील काही वर्षे तो परत परत येत राहिला. ज्या गरीब कॅथलिक जनतेचे पोट त्या एका पिकावर होते, तिची दैना झाली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती सुमारे ६५ लाख ५० हजारांवर आली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली.

या अंधारात काही घरांची चूल एका आकड्याने पेटती ठेवली. कॉर्क शहराजवळील ब्लॅकरॉक येथील अर्सुलाइन धर्मभगिनींनी आपल्या शाळेतील गरीब मुलींना क्रोशाचे काम शिकविले. त्यांच्याप्रमाणे इतर मठांनीही ही कामे हाती घेतली. मोनाहन परगण्यातील क्लोन्स येथे अँग्लिकन धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड १८४७ मध्ये आल्या. किल्डेअर परगण्यातील मिसेस रॉबर्ट्स यांनी आपल्या भागात हे काम सुरू केले होते. तेथून शिक्षिका आणवून हँडबाईंनी क्लोन्सला या कलेचे केंद्र बनविले. धर्मपंथांमध्ये तेव्हा किती दुरावा होता हे इतिहास जाणतो. तरीही भुकेल्याच्या दारी मठातील भगिनी आणि अँग्लिकन धर्मगुरूची पत्नी एकाच प्रकारचा आकडा घेऊन गेल्या, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

आकडाच का? कारण गोट्यांवरच्या लेसला उशी, गोट्या, टाचण्या असा सरंजाम लागतो आणि सुईच्या लेसला फार वेळ लागतो. क्रोशाला एक दोरा आणि एक आकडा पुरे. तारेचे टोक वाकवून, लाकडाच्या मुठीत बसवूनही आकडा करता येई. काम खिशात मावे, जळणाच्या धुराने काळवंडले तर धुता येई आणि सुईच्या लेसपेक्षा कितीतरी लवकर पुरे होई.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. या मुलींपैकी पुष्कळजणींना छापील कृती वाचता येत नव्हती. मग त्या काय करीत? गुलाब, तिपानी शॅमरॉक, द्राक्षाचे पान असे एकेक फूल सुटे विणले जाई. प्रत्येक फुलाचा कापडावर टाचलेला नमुना असे. तो पाहून, उलटसुलट करून, टाके मोजून मुली तो पुन्हा करीत. काही घराणी एखादेच फूल करीत आणि त्याची रीत गुप्त ठेवीत. नंतर कागदी आराखड्यावर ही फुले पालथी मांडून, साखळ्यांच्या जाळीने त्यांना जोडले जाई. त्या जाळीतील एक गाठ ‘क्लोन्सची गाठ’ म्हणून प्रसिद्ध आहे. काही साखळ्या विणाव्यात, मग दोरा आकड्यावर घेऊन आकडा साखळीखालून फिरवावा, पुन्हा दोरा घेऊन वर आणावा, असे आठ-दहा वेळा करून सर्व फासांतून एकदम दोरा ओढावा आणि साखळीभोवती टाका घालून गाठ बंद करावी. वाचकहो, हे वाक्य वाचून एकही गाठ साधणार नाही. पाहून मात्र पाच मिनिटांत साधेल. पर्वतावर दाखविलेल्या नमुन्याचे मर्म हेच.

भूक ओसरल्यावरही ही कला राहिली. स्थलांतरितांबरोबर ती अमेरिकेत गेली आणि तेथे एक नवाच घोळ उभा राहिला.

एकच टाका, दोन नावे

मराठी घरांत क्रोशाच्या टाक्यांना साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दुहेरी खांब अशी नावे रूढ आहेत. ही नावे सुबोध आहेत, कारण ती टाक्याचे रूप सांगतात. खांब उभा दिसतो म्हणून खांब. मुक्या खांबाला उंची नाही म्हणून तो मुका. इंग्रजी नावांनी मात्र रूप सांगितले नाही. त्यांनी मोजणी सांगितली आणि दोन देशांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या.

मुका खांब घालताना आकडा टाक्यात घालून दोरा ओढला की आकड्यावर दोन फास होतात. मग दोरा घेऊन तो एकाच ओढीने दोहोंतून काढतात. इंग्लंडने फास मोजले असावेत, म्हणून तेथे हा ‘डबल क्रोशे’. अमेरिकेने ओढी मोजल्या असाव्यात, म्हणून तेथे हाच ‘सिंगल क्रोशे’. खांब घालताना आधी आकड्यावर वेढा घेतात, म्हणून तीन फास होतात आणि ते दोन ओढींत सुटतात. इंग्लंडमध्ये तो ‘ट्रेबल’ आणि अमेरिकेत ‘डबल क्रोशे’. आपला दुहेरी खांब इंग्लंडमध्ये ‘डबल ट्रेबल’, तर अमेरिकेत नुसता ‘ट्रेबल’. नावांचा हा उलगडा सर्वसाधारणपणे दिला जातो आणि तो स्मरणात ठेवण्यास सोपा आहे.

म्हणजे ‘डबल’ हा एकच शब्द दोन देशांत दोन भिन्न उंचीच्या टाक्यांना लावला जातो. याचा परिणाम काय होतो? सपाट वर्तुळ विणताना मुक्या खांबाच्या प्रत्येक फेरीत साधारणपणे ६ टाके वाढवावे लागतात, तर खांबाच्या फेरीत १२. उंच टाक्याने परीघ झपाट्याने वाढतो, म्हणून टाकेही अधिक लागतात. इंग्लंडच्या पुस्तकातील ‘डबल’ला अमेरिकन समजून कोणी खांब घातले तर टाके अपुरे पडतात आणि रुमालाची वाटी होते. अमेरिकन ‘डबल’ला इंग्लंडचा समजून मुके खांब घातले तर टाके जास्त होतात आणि कडेला झालरीसारख्या लाटा येतात. दोष विणणारीच्या हाताचा नसतो, शब्दाचा असतो. ‘मला जमत नाही’ म्हणून अर्धवट टाकलेले कितीतरी रुमाल या एका शब्दाचे बळी आहेत.

पुस्तिका कोणत्या देशाच्या रीतीची आहे, हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. आधुनिक कृतीत ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द आला तर ती अमेरिकन. इंग्लंडच्या आजच्या रीतीत तो शब्द नाही. मात्र एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पुस्तकांत ‘सिंगल’ म्हणजे साखळीने सरकवत न्यायचा टाका असू शकतो. टाका सोडण्यासाठी ‘मिस’ आणि विणीच्या घट्टपणासाठी ‘टेन्शन’ असेल तर इंग्लंड. ‘स्किप’ आणि ‘गेज’ असेल तर अमेरिका. सर्वांत खात्रीची खूण वळणाच्या साखळीत आहे. मुक्या खांबाच्या ओळीपूर्वी १ साखळी लागते, खांबापूर्वी ३ आणि दुहेरी खांबापूर्वी ४. म्हणून ‘३ साखळ्या घालून वळा आणि डबल घाला’ असे लिहिले असेल तर तो डबल अमेरिकन. ‘३ साखळ्या घालून वळा आणि ट्रेबल घाला’ असेल तर तो ट्रेबल इंग्लंडचा. नाव फसवील, पण साखळी उंची लपवू शकत नाही.

तारका, कंस आणि वळणाची साखळी

नावांचा घोळ सुटला तरी वाक्यरचनेचा उरतो. कृतीत तारका येते आणि पुढे ‘तारकेपासून ६ वेळा पुन्हा करा’ असे लिहिलेले असते. आता मूळ एकदा अधिक सहा, म्हणजे एकूण सात वेळा, की एकूण सहा? काळजीपूर्वक लिहिणारी लेखिका ‘आणखी ६ वेळा’ असे म्हणते. सर्वच लेखिका म्हणत नाहीत. येथे शब्दांशी वाद घालण्यापेक्षा अंकगणिताला शरण जावे. समजा तारकेनंतर ‘५ साखळ्या, ३ टाके सोडून पुढच्या टाक्यात १ मुका खांब’ असे आहे. प्रत्येक आवृत्तीत मागच्या फेरीचे ४ टाके खर्च होतात. मागच्या फेरीत २८ टाके असतील तर आवृत्त्या ७ होणार. म्हणजे ‘आणखी ६’ हाच अर्थ बरोबर. मागची ओळ हीच पुढच्या ओळीची साक्षीदार असते.

कंसांचेही असेच. कंसातील मजकूर कधी एकाच टाक्यात घालायचा असतो, कधी तो पुढे पुढे जात पुनरावृत्त करायचा असतो. कंसानंतर काय लिहिले आहे ते पाहावे. ‘त्याच जागी’ असेल तर सर्व एका ठिकाणी, ‘इतक्या वेळा’ असेल तर पुढे पुढे. ‘टाक्यात’ आणि ‘खणात’ यांतही भेद आहे. टाक्यात म्हणजे माथ्यावरच्या दोन धाग्यांखालून, खणात म्हणजे साखळीच्या कमानीखालच्या मोकळ्या जागेतून.

सर्वांत अधिक फसवणूक वळणाच्या साखळीची. खांबाच्या ओळीत पहिल्या ३ साखळ्या बहुधा पहिला खांब म्हणून धरल्या जातात. तसे असेल तर पुढचा खांब मागच्या ओळीच्या दुसऱ्या टाक्यात घालावा आणि परत येताना शेवटचा खांब त्या साखळीच्या माथ्यावर घालावा. पहिली गोष्ट विसरली तर दर ओळीला एक टाका वाढतो, दुसरी विसरली तर एक घटतो. चौकोनी वेदीवस्त्राची किनार हळूहळू तिरपी का झाली, याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. लेखिका हे लिहीत नाही, कारण तिला ते इतके परिचित असते की सांगण्याजोगे वाटत नाही. शिक्षकाच्या मौनात शिष्याची अडचण असते, हे धर्मशिक्षण देणाऱ्यांनाही पटेल.

फुगीर टाक्यांची नावेही अशीच गुंतलेली आहेत. काही खांब शेवटचा फास आकड्यावर राखून अर्धवट ठेवायचे आणि सर्व एकदम बंद करायचे, ही एक रीत. पाच खांब पूर्ण करून, आकडा काढून, पहिल्या खांबाच्या माथ्यातून शेवटचा फास ओढायचा, ही दुसरी. इंग्रजीत बॉबल, क्लस्टर, पफ, पॉपकॉर्न अशी नावे आहेत आणि पुस्तकागणिक त्यांचा अर्थ बदलतो. म्हणून चांगल्या पुस्तिकेच्या आरंभी टाक्यांचे स्पष्टीकरण दिलेले असते. ते पान गाळून थेट कृतीकडे धावणे हे अर्ध्या अडचणींचे मूळ आहे.

चौकटींची भाषा

शब्दांवरचा उपाय शब्दांपूर्वीच सापडलेला होता. १५८७ साली पॅरिसमध्ये फेदेरिको दी विंचिओलो या व्हेनिसच्या कलावंताने लेसच्या नमुन्यांचे पुस्तक छापले. त्यात जाळीवर भरावयाच्या आकृती चौकटींच्या कागदावर काढल्या होत्या. भरलेली चौकट म्हणजे भरीव, रिकामी म्हणजे उघडी. हा आराखडा वाचायला कोणतीच भाषा लागत नाही. क्रोशातील ‘फिले’ काम याच तत्त्वावर चालते. आपल्या वेदीवस्त्रांवरील क्रूस, गव्हाची कणसे, द्राक्षांचे घोस, प्रभूच्या नामाची अक्षरे ही बहुधा या चौकटींतूनच उतरलेली असतात.

त्याचे गणितही सरळ आहे. प्रत्येक चौकटीला एक खांब आणि दोन साखळ्या. चौकट भरीव असेल तर दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब. पहिली चौकट उघडी असेल तर चौकटींच्या संख्येला तीनने गुणून पाच मिळवावेत, तेवढ्या साखळ्या आरंभी घालाव्यात आणि आकड्यापासून आठव्या साखळीत पहिला खांब घालावा. २० चौकटींसाठी ६५ साखळ्या. एवढे नियम कळले की शाळेच्या चौकटीच्या वहीवर कोणालाही आपला नमुना स्वतः काढता येतो.

१८८६ मध्ये तेरेझ द दिलमाँ यांचा स्त्रियांच्या हस्तकलांचा विश्वकोश निघाला. आल्सास प्रांतातील डी. एम. सी. या दोरा बनविणाऱ्या पेढीच्या आश्रयाने तो अनेक भाषांत गेला आणि नावांना काहीशी स्थिरता आली. पुढे विसाव्या शतकात जपानने विणकामाच्या खुणांना राष्ट्रीय मानकाचे रूप दिले. साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला क्रूसासारखी खूण, अर्ध्या खांबाला इंग्रजी टी अक्षरासारखी खूण, खांबाला त्याच खुणेवर एक तिरपी रेघ, दुहेरी खांबाला दोन. आकड्यावर जितके वेढे, तितक्या रेघा. फासांची आणि ओढींची भांडणे तेथे मिटतात. जपानी भाषेचा एक शब्दही न जाणणारी स्त्री जपानी पुस्तकावरून काम करू शकते.

श्रमाचे मोल

या इतिहासाची एक बाजू दुःखद आहे. आयर्लंडमध्ये ज्यांनी ती फुले विणली त्यांची नावे फारशी कोठे नोंदली गेली नाहीत. नावे राहिली ती पुस्तके लिहिणाऱ्यांची, शाळा चालविणाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची. आपल्या देशातही असेच घडले. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनरी कुटुंबांमार्फत क्रोशाची लेस रुजली आणि परदेशी निर्यात होऊ लागली. तेथेही एक स्त्री फुले करते, दुसरी ती जोडते, अशी विभागणी झाली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की या स्त्रियांचे काम ‘गृहिणीचा फावला वेळ’ म्हणून गणले जाई आणि त्या आधारे त्यांना अत्यल्प मजुरी मिळे, जरी त्यांचा माल जगाच्या बाजारात विकला जाई. २०२४ साली नरसापूरच्या या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. मजुरीचा प्रश्न नावाने सुटत नाही.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात कामगाराची रास्त मजुरी रोखणे हे स्वर्गापर्यंत आक्रोश पोहोचविणारे पाप आहे, या प्राचीन शिकवणीचे स्मरण दिले. ती शिकवण केवळ गिरणीच्या दारासाठी नाही. उंबरठ्यावर बसून आकडा चालविणाऱ्या स्त्रीलाही ती लागू आहे. क्रोशाचे खरे काम व्यापारी प्रमाणावर करणारे यंत्र बाजारात नाही. यंत्रावरचे जे तसे दिसते ते बहुधा वेगळ्याच प्रकारचे विणकाम असते. म्हणजे हातात पडलेला प्रत्येक क्रोशाचा रुमाल कोणाच्या तरी बोटांनी, एकेक टाका मोजून केलेला आहे. त्याची किंमत फार कमी वाटली तर स्वस्त मिळाल्याचा आनंद मानण्यापूर्वी ती कमतरता कोणी सोसली, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाने स्वतःला विचारावा.

आपल्या वेदीवरील वस्त्रे

नॅनो नेगल या आयरिश साध्वीच्या पुढाकाराने १७७१ मध्ये अर्सुलाइन भगिनी कॉर्कला आल्या आणि तिनेच १७७५ मध्ये प्रेझेंटेशन भगिनींच्या संघाचा पाया घातला. त्या संघाच्या भगिनी १८४२ साली मद्रासला पोहोचल्या. एकोणिसाव्या शतकात अशा अनेक संघांच्या भगिनी या देशात आल्या आणि त्यांच्या शाळांतून शिवण-विणकाम हा मुलींच्या शिक्षणाचा भाग झाला. वसई, मुंबई, गोवा येथील कुटुंबांत ही कला अशा शाळांतून आणि आईकडून लेकीकडे आली. इंग्रजी पुस्तिका घरात होत्या, पण त्या वाचणाऱ्या थोड्या. बाकीच्यांनी शेजारणीच्या रुमालावरून टाके मोजले, ते मराठी नावांनी पाठ केले आणि नातींना शिकविले. ‘तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब’ असे पुटपुटत चाललेले काम आणि माळेच्या मण्यांवर चाललेली रोझरी यांत एक नाते आहे. दोन्हींत तारकेपासून पुन्हा आरंभ करायचा असतो आणि पुनरावृत्तीतूनच वस्त्र वाढते.

आज त्या आज्या एकेक करून निघून जात आहेत. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हात चालताना दिसतात. नमुना दाखविण्याची जुनी रीत नव्या रूपाने परतली आहे, हे चांगलेच आहे. परंतु आपल्या सॅक्रिस्टीतील कपाटात घडी घालून ठेवलेल्या किनारी त्या पडद्यावर नाहीत. त्या कोणत्याच पुस्तकात नाहीत. किनार फाटली की बाजारातील यंत्राची पट्टी लावली जाते आणि एका अनाम स्त्रीची विद्या तेथे संपते.

हे टाळणे कठीण नाही. प्रत्येक धर्मग्रामातील महिला मंडळाने जुन्या वेदीवस्त्रांची एक वही करावी. किनारीचे टाके मोजून चौकटीच्या कागदावर आराखडा काढावा. शेजारी मराठीत कृती लिहावी, ‘त्याच जागी’, ‘आणखी इतक्या वेळा’ हे शब्द न विसरता. दोरा आणि सुई यांचे क्रमांक नोंदवावेत. विणणारीचे नाव ठाऊक असेल तर ते अवश्य लिहावे. आणि चार बोटांचा एक विणलेला तुकडा त्या पानावर शिवून ठेवावा. शब्द, आकृती आणि नमुना तिन्ही एकत्र असले म्हणजे एक अडखळले तर दुसरे हात देते.

प्रेषितांच्या कृत्यांत यापोच्या तबीथेची कथा आहे. ती वारल्यावर विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने केलेली वस्त्रे त्यांनी त्याला दाखविली. तिचे एकही भाषण पवित्र शास्त्रात नोंदलेले नाही. तिच्या हातचे कापडच तिची साक्ष झाले. आपल्या वेद्यांवर अशा पुष्कळ साक्षी अंथरलेल्या आहेत. त्या वाचता येतील इतकी तरी अक्षरओळख पुढच्या पिढीच्या हातात ठेवणे, हे आपले देणे आहे.